सूचना : शनिवारच्या सीक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचण्याच्या) प्रात्यक्षिकाआधी लॅपटॉप तयार ठेवा

जैवमाहितीशास्त्र प्रमाणपत्र वर्गाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी.

डिस्कवर किमान २० जीबी जागा मोकळी ठेवा. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घरूनच टाकून यावे. ते सुरूच होत नसेल तर बहुधा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका संगणकात दुसरी प्रणाली चालवण्याची सोय, बंद असते. हे झाले की कोंडा (सॉफ्टवेअर पॅकेजेस बसवणारे साधन) टाका. चॅनेलच्या (पॅकेजेस जिथून येतात त्या स्रोतांच्या) क्रमात कोंडा-फोर्ज वर आणि बायोकोंडा खाली हवे. उलट झाले की पॅकेजेस एकमेकांशी भांडतात आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो! फाइली सी ड्राइव्हवर नको, उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. तिथे काम बरेच वेगाने होते.

नमुना ई. कोलाय या जिवाणूचा आहे. जीनोम (त्याचा संपूर्ण डीएनए) साधारण ४६ लाख बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा; १५० बेसचे १० लाख रीड्स (वाचलेले तुकडे) घेतले तर कव्हरेज, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी किती वेळा वाचला गेला ते, सुमारे ३२ पट. हे गणित येण्याआधी स्वतः करून पाहा. वाचनाच्या दर्जाचा गुण क्यू२० म्हणजे १०० बेसमागे एक चूक, क्यू३० म्हणजे १००० मागे एक. रीडच्या शेवटी दर्जा घसरणे नेहमीचेच, तेवढ्यावरून नमुना बाद करू नका.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका. सेप्ट२ सारखी जुनी नावे तारखा होऊन बसतात; म्हणूनच २०२० मध्ये त्यांची मानक नावे बदलली गेली. यादी आयात करताना तो स्तंभ 'टेक्स्ट' म्हणून निवडा. जनुकांच्या जागा नोंदवणाऱ्या फाइलींपैकी बेड फाइलमध्ये मोजणी शून्यापासून, जीएफएफमध्ये एकपासून. एका बेसचा फरक आला तर आधी इथेच पाहा.

अडचण विचारताना संपूर्ण एरर मजकूर पाठवा, स्क्रीनचा फोटो नको.