बॅनर पोचला, पट्ट्या नाही पोचल्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. गरोदर मातांच्या तपासणीचं साहित्य उपकेंद्रापर्यंत वेळेवर येईल, असा शब्द आम्हाला मिळाला होता. या ९ तारखेला, सुरक्षित मातृत्व अभियानाच्याच दिवशी, बॅनर आला. लघवी तपासायच्या पट्ट्या मात्र मुदत संपलेल्या. झाकण सैल, दमट हवेने रंग आधीच उतरलेला.

साहेब, वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० वर गेला आणि लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) उतरलं, तरी बाईला बहुतेकदा काहीच दुखत नाही. डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येते तोवर आकडीचे झटके दारात असतात. पट्टी नसेल तर जुनी रीत आहे : परीक्षानळी पाऊण भरायची, वरचा भाग दिव्यावर तापवायचा, गढूळ झालं तर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे तीन-चार थेंब. गढूळपणा विरला तर फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. ते अ‍ॅसिडही संपलंय, मागणीपत्र वर गेलंय, आणि वर गेलेलं खाली येत नाही.

बीपीचं तर विचारूच नका. पाच मिनिटं बसवा, पाठीला आधार द्या, हात छातीच्या पातळीवर ठेवा. साठ बायकांच्या रांगेत, एका नर्सने? जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो, सेल उतरलेलं मशीन मनाला येईल ते दाखवतं. रकाना कोरा ठेवला तर वरून फोन. मग कार्डावर ११०/७०. पुढचीलाही ११०/७०. इतका शिस्तीचा रक्तदाब जगात कुठे नसेल!

साखरेची तपासणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात आणि बरोबर दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर गेलं तर गरोदरपणातला मधुमेह. पण एसटी दीड तासात सुटते.

महाराष्ट्राचा माता मृत्यूदर लाख जन्मांमागे ३३ (२०१८-२०), देशाचा ९७, म्हणून आपण पाठ थोपटून घेता. घ्या. पण देशात गरोदरपणातल्या चार तपासण्या पुऱ्या झालेल्या बायका जेमतेम ५८ टक्के (२०१९-२१), आणि ‘तपासणी झाली’ म्हणजे पट्टा नीट बांधला, हे त्या आकड्यात कुठे दिसतं? शिवाय चारही धड झाल्या तरी ३४व्या आठवड्याचा नॉर्मल बीपी ३६व्यात १६०/११० होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते. आपण चारांतच टिकमार्क करतोय.

आणि झटका आलाच तर रेफर करण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे झटके थांबवायचं इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. म्हणजे २ मिलीचे, ५० टक्क्यांचे १० अँप्युल. कपाटात चार असून भागत नाही. बाई गेली की नोटीस कंत्राटी नर्सला येते. पट्ट्या न पाठवणाऱ्याला आजवर एकही आलेली ऐकिवात नाही.

पट्ट्या, दोन मापांचे बीपीचे पट्टे, दहा अँप्युल. एवढंच पाठवा. बॅनर नको, मागच्या महिन्याचाच चालेल.

आपल्या,
उपकेंद्रांवर काम करणाऱ्या नर्स