दादा, त्या दीड पानासाठी थँक्यू

दादा, हे खरं तर समोर बसून सांगायचं होतं पण तू समोर असलास की आपण दोघं लाईट्सबद्दलच बोलत बसतो, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

माझं पहिलं नाटक, रंगीत तालीम. लिहिलेलं मी, बसवलेलं मी, लाईट्स तुझे, पैसे पगारातून साठवलेले, आणि हॉल दुपारनंतर मिळालेला, म्हणजे तेवढ्या वेळात लाईट टांगायचे, फोकस करायचे, सगळे क्यू, म्हणजे कुठला लाईट कधी बदलायचा ते, बसवायचे आणि मग तालीम. शेवटच्या प्रवेशात आईचं दीड पानाचं स्वगत होतं, मुलगा घर सोडून गेल्यानंतरचं. मला त्याचा फार अभिमान होता. तू अंधारात मागच्या रांगेतून थांबवलंस आणि विचारलंस, "हे सगळं ती कुणाला सांगतेय?" मी चिडले, म्हटलं तेच तर नाटक आहे. तू वाद घातला नाहीस. सगळे लाईट हळूहळू खाली आणलेस, डाव्या विंगेतून एकच ठेवलास, मुलाच्या रिकाम्या खुर्चीवर, आणि तिला म्हणालास, काही बोलू नकोस, फक्त ती खुर्ची टेबलाला सरकवून लाव. तिने लावली. खुर्चीचा पाय फळीवर घासला तेवढाच आवाज. मागे खिळे ठोकणारा पोरगाही थांबला होता. मी तिथेच पेन काढलं आणि दीड पानातल्या तीन ओळी ठेवल्या.

पुढे पटकथा लिहायला लागले तेव्हा कळलं तू काय दिलं होतंस ते. पटकथेत "तिला वाईट वाटतं" असं लिहून भागत नाही, जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं, तेही वर्तमानकाळात. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा हिशोब धरतात, आणि माझा पहिला ड्राफ्ट 148 पानांचा! तू तो अख्खा वाचलास आणि एवढंच विचारलंस, "यात खुर्च्या किती?" ड्राफ्ट 112 वर आला.

आणि एका निर्मात्याने चार वेळा रिराइट करून घेऊन फोन उचलणं बंद केलं, तेव्हा मी लिहिणंच सोडणार होते. तू म्हणालास, किती ड्राफ्ट, कुठल्या टप्प्याला किती पैसे आणि नाव कुठे येणार हे तिन्ही कागदावर आल्याशिवाय पहिलं पानही पाठवू नकोस. तेव्हापासून तसंच करते. नवीन लिहिणाऱ्या पोरांनाही हेच सांगते, कारण आपल्याकडे मैत्रीत काम सुरू होतं आणि मग पैशाचं बोलायची लाज वाटते.

तू त्या पहिल्या प्रयोगाचे पैसे घेतले नाहीस हे मी विसरले नाहीये. भाड्याच्या लाईट्सचं बिल दाखवलंस आणि म्हणालास, आधी बॅकस्टेजच्या पोरांचे दे, माझं बघू. ते "बघू" अजून चालूच आहे दादा. आता माझ्या प्रत्येक प्रयोगाला त्यांची पाकिटं पहिल्या घंटेच्या आधी वाटलेली असतात.

स्क्रीनच्या कामातून जे साठतं त्यातून पुढचं नाटक उभं करतेय. संहिता तुला पाठवलीये. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप-लेकीचं बोलणं जरा जास्तच लांबलंय, मला दिसतंय पण कुठे कापायचं ते कळत नाहीये. यावेळी तुझं मानधन बजेटच्या पहिल्या ओळीत लिहिलंय, नाही म्हणायचं नाही. तालमीला कधी येतोस?