मिस्त्री सापडला, पक्या

लालबाग, रविवार रात्र

प्रिय पक्या,

दीड वर्षात तुझा एकही फोन मी घेतला नाही. अप्पांच्या तेराव्याला तू नाशिकहून आलास, रात्रीच्या गाडीने परतलास आणि त्यानंतर माझ्याकडून एक अक्षर नाही. शिव्या दे, पण आधी वाच. काल रात्री जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगायचं तर ट्रान्सपोर्टर म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल.

तब्येत ठीक. साखर थोडी वाढलीय, गोळी चालू आहे.

चाळीच्या जागी उठलेल्या नव्या इमारतीतल्या घराची चावी मिळाली रे. सात वर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढल्यावर. एकोणिसावा मजला, 405 चौरस फूट. आपल्या दहा बाय बाराच्या तीन खोल्या आरामात मावतील. डावीकडे सावंतकाकू, समोर पेडणेकर, दारावरच्या पाट्यासुद्धा जुन्याच. आणि आई रोज दिवेलागणीला पिशवी भरून दाराशी उभी राहते. "घरी कधी जायचं?" मी म्हणतो, "आई, हेच आपलं घर." ती म्हणते, "हे नाही रे, मिरचीचा वास नाही येत." खरंच येत नाही. मिरची कुटायचे डंक खाली चालूच असतात, पण एकोणिसाव्या मजल्यापर्यंत काही पोचत नाही.

आपलं ते भांडण आठवतंय ना? रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक, सावंतांच्या दारात अर्धी चाळ, आणि तू पहिल्या दिवसापासून हटून बसलेला की जहाजावरून ग्रहावर माणूस पाठवणाऱ्या त्या यंत्राने, ट्रान्सपोर्टरने, कण न् कण सुटा केला म्हणजे माणूस मेला. खाली ग्रहावर उतरतो तो नवाच, फक्त आठवणी जुन्या. मी म्हणायचो, तोच तो. आपण तीन दिवस बोललो नव्हतो. पुढे केबल आली, नव्या मालिकेत ट्रान्सपोर्टरमधून रायकर नावाच्या एका अधिकाऱ्याचे दोन रायकर निघाले, एक जहाजावर आणि एक आठ वर्षं ओसाड ग्रहावर अडकलेला, तेव्हा तू जिना चढून ओरडत आला होतास. "आता बोल! खरा कुठला?" मला उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही, पण मी हरलोही नाही.

गंमत बघ, दर भागात जहाज ग्रहावर उतरवायचा खर्च झेपेना म्हणून 1966 साली ट्रान्सपोर्टर आला. पैसे वाचवायला काढलेली युक्ती, आणि त्या मालिकेतला सगळ्यात खोल प्रश्न तिच्यातूनच निघाला असं माझं ठाम मत आहे. लढाया, लेझर, क्लिंगॉन सगळं नंतर. कणाची जागा आणि वेग एकदम नेमके मोजता येत नाहीत, म्हणून पुढे त्यांनी यंत्राला हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर जोडला. तो चालतो कसा, असं विचारल्यावर मालिकेच्या तांत्रिक सल्लागाराने, मायकल ओकुडाने सांगितलं होतं, "छान चालतो, आभारी आहे." हे ऐकून तू किती चिडला होतास!

अप्पांना मात्र कॅप्टन कर्क आणि त्याच्या स्पॉकचं काही नव्हतं. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटलेली, दिवसभर घरात. ते बसायचे जहाजाच्या इंजिनिअरसाठी, स्कॉटीसाठी. "आला बघ मिस्त्री." इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण खाली इंजिन तापलंय आणि वरचा साहेब आणखी वेग मागतोय, एवढं त्यांना बरोबर कळायचं. स्कॉटीचं काम करणाऱ्या जेम्स डूहनचं उजव्या हाताचं मधलं बोट 1944 साली नॉर्मंडीच्या लढाईत गेलं होतं, आणि तो हात तो शक्यतो कॅमेऱ्यापुढे येऊ देत नसे, हे मला फार उशिरा कळलं. अप्पांचंही पेर साच्यात गेलेलं. फोटो काढताना हात खिशात. हे त्यांना सांगायचं राहिलं.

काल झोप येईना म्हणून नव्या मालिकेतला 'रेलिक्स' हा भाग लावला. 1992 चा, म्हातारा स्कॉटी परत येतो तो. बाकी सगळं तुला पाठ आहे. जहाज कोसळलेलं, वाचलेले दोघंच. स्कॉटी ट्रान्सपोर्टर असा फिरवत ठेवतो की दोघांचे नमुने आतल्या आत घुमत राहतील, कुणी येईपर्यंत. पंचाहत्तर वर्षं. मग स्कॉटी बाहेर येतो आणि फ्रँकलिन येत नाही. त्याचा नमुना त्रेपन्न टक्के झिजलेला.

पक्या, हा भाग आपण तेव्हा टाळ्या वाजवत पाहिला होता. फ्रँकलिनकडे लक्षच गेलं नव्हतं.

आई-अप्पा दोघं कॅम्पात गेले. दोन वर्षांत परत येऊ असं सांगून मीच नेलं होतं. बिल्डरने काम थांबवलं, भाडं थकवलं, पुन्हा सुरू केलं. अप्पा दर महिन्याला बसने साइटवर जाऊन किती मजले चढले ते मोजून यायचे. कॅम्पातला पंप बिघडला की वॉचमनला शिकवायला जायचे. एकदा मी कामावरून दमून आलो होतो, लोकांसमोर म्हणालो, "अप्पा, गप्प बसा. तुम्हाला आजच्या मशीनमधलं काही कळत नाही." त्या भागात नव्या जहाजाचा इंजिनिअर जिऑर्डी स्कॉटीवर खेकसतो ना, अगदी तसंच. जिऑर्डीला शेवटी त्याच्याबरोबर काम करायला मिळतं. अप्पा त्यानंतर पंपाकडे गेले नाहीत. तुझे फोन मी का घेतले नाहीत ते आता तुला कळेल. तेराव्याला तू म्हणालास, "तू त्यांचं सगळं केलंस." ते मला ऐकवलं नाही.

तर काल, आवाज बारीक ठेवूनही, आई उठून आली. शेजारी बसली. पडद्यावर स्कॉटी, जाडा झालेला, केस पांढरे, मिशी वाढवलेली. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "हा ह्यांचा मिस्त्री ना रे?" अप्पा गेल्यापासून त्यांचा विषय तिने पहिल्यांदा काढला. मग म्हणाली, "म्हातारा झाला." आणि भाग संपेपर्यंत बसून राहिली. पिशवी दाराशीच होती.

आता मला तुझं मत हवंय. स्कॉटी होलोडेकवर, म्हणजे हवी ती जागा हुबेहूब उभी करणाऱ्या खोलीत, आपल्या जुन्या जहाजाचा, एंटरप्राइजचा ब्रिज (कॅप्टन बसतो तो नियंत्रणकक्ष) मागतो. चित्रीकरणात त्यांनी खरा थोडासाच बांधला होता, बाकी जुन्या फिल्ममधून जोडला. मला वाटतंय, खिडकीकडच्या कोपऱ्यात आईला तसंच काही करून द्यावं. तिचा फळीचा देव्हारा, पितळी डबे, खाली चटई. सुमन म्हणते, त्याने ती जास्तच भरकटेल. डॉक्टर म्हणतात, करून बघा. पण स्कॉटीने तो ब्रिज शेवटी स्वतः बंद केला. आई करेल का? की मी तिला कायमची आतच फिरत ठेवीन?

वहिनींच्या गुडघ्याचं कळलं, जिने चढू देऊ नकोस. ओंकारला नोकरीबद्दल अभिनंदन सांग. तुझी द्राक्षं यंदा पावसाने गेली का?

तुम्ही खोली विकून गेलात तेव्हा अप्पांचा लाकडी स्टूल तुझ्याबरोबर गेला होता, ज्यावर बसून ते स्टार ट्रेक बघायचे. 'माझा आहे' म्हणून तू भांडून नेलास, आणि त्यांनीही नेऊ दिला. येताना घेऊन ये. ठेवायचा की नाही ते आई झोपल्यावर बसून ठरवू.

तुझा
दिन्या