नागपूरच्या महाल भागातल्या काकांना, एका पिप्यासाठी

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण अकरावीच्या फिजिक्सपाशी अडलेली पोरं बरीच आहेत, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

अकरावी नुकतीच सुरू झाली होती आणि फळ्यावर डीएक्स बाय डीटी आलं, म्हणजे वेळेबरोबर अंतर किती वेगाने बदलतं ते. विचारलं तर उत्तर मिळालं, "ते गणितात दिवाळीनंतर येईल, तोवर सूत्र पाठ करा." केलं पाठ. पहिल्याच चाचणीत प्रश्न जरा फिरवून आला आणि मी कोरा कागद देऊन आले. त्या संध्याकाळी वाड्याच्या जिन्यात रडत बसले होते, तेव्हा तुम्ही थांबलात. "काय झालं वं पोरी?"

उभी नोकरी तुम्ही पाणीपुरवठ्यात काढलेली. वही मागितलीच नाहीत. तेलाचा रिकामा पिपा आणलात, खिळ्याने तळाशी भोक पाडलंत, आत फूटपट्टी उभी केलीत आणि पिपा विटांवर ठेवून खाली बादली सरकवलीत. "पिपा रिकामा व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या निम्म्या वेळात किती पाणी जाईल?" मी लगेच म्हटलं, निम्मं.

"मंग मोज."

पाणी २८ सेंटिमीटरवर होतं. पहिले ७ सेंटिमीटर पावणेदोन मिनिटांत उतरले. पुढच्या दर ७ सेंटिमीटरला वेळ वाढत गेला. शेवटचे ७ उतरायला साधारण साडेसहा मिनिटं लागली, म्हणजे वरच्या २१ सेंटिमीटरला मिळून लागली तेवढीच! मी तीनदा पिपा भरला. तीनदा तेच, काही सेकंदांचा काय तो फरक.

"जितकं पाणी उरलं, त्यावर त्याचा वेग ठरून राहिला. उंची चौथाई झाली की धार निम्म्या वेगाची," तुम्ही म्हणालात. हा वर्गमुळाचा नियम टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाचा, १६४४ साली छापलेला. न्यूटन तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता, हेही तुम्हीच सांगितलंत. मग वही घेतलीत. पाण्याचे कागदाएवढे पातळ थर कल्पायचे, प्रत्येक थराला किती वेळ लागेल ते काढायचं आणि सगळे वेळ जोडायचे. ही बेरीज म्हणजेच इंटिग्रेशन, हे तुम्ही उत्तर आल्यावरच सांगितलंत. त्याआधी नाव घेतलं असतंत तर मी घाबरले असते.

पुढे दोन वर्षं दर रविवारी सकाळी तुम्ही बसलात. गणित अडलं की पेन माझ्याच हातात ठेवायचात आणि गप्प राहायचात. त्या गप्प राहण्याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. मला येईल, असा भरवसा तेव्हा माझ्यापेक्षा तुम्हालाच होता.

यंदा मी बीएस्सीला फिजिक्स घेतलं. पिपा अजून माझ्याकडेच आहे, भोक बुजवलेलं नाही. तुमचा नातू अकरावीत गेला असं आईकडून कळलं. दिवाळीत येते आहे, पिपा घेऊनच येईन. विटा तेवढ्या काढून ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची पोरगी