पोर खातंय, पण अंगी लागत नाही : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदया,
सप्रेम नमस्कार.

शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. सेविकांच्या बैठकांत एक तक्रार सतत कानावर यायची : "बाई, पोर खातंय, पण अंगी लागत नाही." आपल्या खात्याच्या कुठल्याच रकान्यात ही तक्रार बसत नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळाला दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळावीत, तीव्र कुपोषित असेल तर 800 किलोकॅलरी, असा निकष अनेक वर्षे होता. टीएचआरचे, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या कोरड्या आहाराचे पाकीट घरी पोहोचले, नोंद झाली, की निकष पूर्ण. पोटात गेलेल्या त्या घासातले रक्तात किती उतरले, हे कुणी विचारत नाही.

पाड्यावरचे बाळ रांगायला लागले की अंगणातली माती, कोंबड्या-शेळ्यांची घाण, डवऱ्याचे, म्हणजे ओढ्यात खणलेल्या खड्ड्याचे गढूळ पाणी सगळे त्याच्या तोंडात जाते. दर वेळी जुलाब होतातच असे नाही. पण रोजच्या जंतूंनी लहान आतड्याच्या आतले अस्तर सुजते. त्यावर टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेले नीट शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते त्यातलेही बरेच सूजेशी झगडण्यात खर्ची पडते. अशा मुलाला ताप नसतो, ते रडत नसते, म्हणून त्याला दवाखान्यात कुणी नेत नाही. त्याची उंची मात्र मागे पडत जाते. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 34.4 टक्के मुले खुजी होती, 2019-21 मध्ये 35.2 टक्के. एवढी पाकिटे वाटूनही हा आकडा हललेला नाही.

या दुखण्यावर आहारातून काही करता येते का, यावर गेल्या काही वर्षांत चांगले काम झाले आहे. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतल्या एक ते दीड वर्षाच्या, मध्यम कुपोषित मुलांवरचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आतड्यातल्या उपयोगी जंतूंना पोसणारा एक पूरक आहार तयार केला होता. त्यात काय होते, तर हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्ची केळी. कुपोषित मुलांना नेहमी देतात त्या तयार पेस्टपेक्षा त्यात कॅलरी कमी होत्या, तरीही मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. मलावीतल्या खेड्यांत चवळीचे पीठ खाणाऱ्या बाळांची उंची इतरांच्या तुलनेत कमी मागे पडली.

महोदया, ही यादी वाचताना मला मुरबाड-शहापूरची शेते दिसतात. भात निघाला की त्याच ओलीवर इथे हरभरा आणि वाल घेतात. चवळी घरोघरी असते. केळ्यांची सोयही आपल्याकडे आधीच आहे : डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. त्याच पुरवठ्यातून कच्ची केळी घेता येतील. पिठाचे काम तालुक्यातल्या बचत गटांना द्यावे, दर महिन्याला ताजे दळावे. लांबून येऊन गोदामात पडून राहिलेले पीठ बाळ थुंकून टाकते. मग पाकीट घरातली मोठी माणसे संपवतात, नाहीतर शेळीपुढे जाते.

ढाक्याचा अभ्यास मोठा नाही, जेमतेम 118 मुलांचा आहे, आणि तोही शहरी वस्तीतला. म्हणून थेट राज्यभर योजना जाहीर करा असे मी म्हणणार नाही. शहापूर आणि मुरबाडचे काही बीट, म्हणजे अंगणवाड्यांचे गट निवडा, वैद्यकीय महाविद्यालयातले बालरोगतज्ज्ञ सोबत घ्या, आणि वजनासोबत उंचीही काटेकोर मोजा. आज उंची मोजण्यात फार ढिलाई होते. हलणाऱ्या बाळाला सरळ धरायला दोन माणसे लागतात आणि सेविकेसोबतची मदतनीस तेव्हा चुलीपाशी असते.

एक धोका आत्ताच सांगते. आतड्याचे आरोग्य म्हटले की उपयोगी जंतूंच्या पुड्या विकणारे दारात उभे राहतील. ओडिशातल्या खेड्यांत 4,500 हून अधिक नवजात बाळांवर असा प्रयोग झाला, 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण स्पष्टपणे कमी झाले. ते काम मोलाचे आहे. पण ती बाळे नवजात, अंगावर पिणारी होती आणि जंतूही नेमका निवडलेला होता. त्या आधारावर दीड वर्षाच्या मुलांसाठी कुठल्याही पुडीचे टेंडर काढू नका.

आणि पाणी. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत साधी शौचालये आणि हात धुणे एवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. आहाराने थोडी वाढली. पाड्यावर अर्धेमुर्धे काही करून भागत नाही, हे त्यातून कळते. भातसा आणि तानसा धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबई-ठाण्याला जाते आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे मला कधीच सहन झाले नाही. पाणीपुरवठा खाते आपले नाही हे ठाऊक आहे, पण मंत्रिमंडळात या बाळांच्या वतीने बोलायला आपल्याशिवाय कोण आहे?

एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल. जुलाबात ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले की आई तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळी बंद करते, कारण उरलेल्या दिवसांत गोळी कशासाठी हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. आशाताई आणि सेविका दोघींनी मिळून 14 दिवस पाठपुरावा करावा, असे परिपत्रक आरोग्य खात्यासोबत काढा.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. वर सुचवलेल्या आहार-प्रयोगात नाव असलेले बाळ भट्टीवर गेले, तर तिथल्या जवळच्या अंगणवाडीतून त्याला तोच आहार मिळेल, ही व्यवस्था आधी करा आणि मगच पहिले पाकीट वाटा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका
शहापूर, जि. ठाणे