आई-अण्णा, समृद्धीच्या पैशाबद्दल एकदा बसून बोलूया

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की अण्णा "बरं बरं, जेवलीस का" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, चष्मा लावून सावकाश वाचा आणि लगेच चिडू नका.

समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचे पैसे येऊन आता कितीतरी वर्षं झाली. २०१७ ला आपल्याच सिन्नर तालुक्यात शिवड्याला केवढं आंदोलन पेटलं होतं, आपणही आधी नाहीच म्हणत होतो, मग कायद्याने रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, चौपट आणि राजीखुशीने दिली तर त्यावर २५ टक्के, म्हणजे पाचपट, असा हिशोब कळला आणि एकेक करत सगळा गाव रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन उभा राहिला. जून २०२५ पासून तर अख्खा ७०१ किलोमीटर रस्ता चालू आहे, मुंबईची माणसं आपल्या कांद्याच्या रानावरून सुसाट शिर्डीला जातात. रस्ता झाला, पण आपल्या घरातलं त्या पैशाचं काम काही संपलं नाही.

मला दिसतं ते सांगते. अण्णा, तुम्ही पारावर बसायचं सोडलंय. कारण कोणीतरी येतं, शेजारी टेकतं, आधी पावसापाण्याचं बोलतं आणि मग हळूच पोरीच्या लग्नाचं नाहीतर बोअरचं काढतं. लग्नात आहेराचं पाकीट किती जाड असावं यावर तुम्ही दोघं रात्री भांडता, कमी दिलं तर माजलेत, जास्त दिलं तर दाखवतायत. सप्ताहाच्या पावतीला पोरं आधी आपल्याच दारात येतात. आई तर हळदीकुंकवालाही जुनी पाटलीच घालून जाते. पूर्वी पैसे नव्हते तेव्हा तुम्हाला झोप लागायची, आता रात्री दोनला उठून अण्णा कपाट बघतात, हे वहिनीने मला सांगितलं, तिच्यावर रागावू नका. मी तुम्हाला हसत नाहीये. ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या पैसा असतो त्यांच्या घरात नाही म्हणायचं कसं, द्यायचं किती, लिहून कुठे ठेवायचं हे लहानपणापासून बघून शिकलेलं असतं, आपल्याकडे शंभर वर्षं फक्त उसनवारी कशी फेडायची एवढंच शिकवलं गेलं आणि मग एका दुपारी खात्यावर कोटीचा आकडा आला.

आता आधी कोरडं काम, कारण मी बँकेत नोकरी करते आणि हे बघून माझा जीव वरखाली होतो. तुम्ही बराच पैसा पतसंस्थांमध्ये ठेवलाय कारण चेअरमन पाहुण्यातले आणि व्याज टक्काभर जास्त. अण्णा, बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, तोही २०२० पासून, आधी १ लाखच होता. सहकारी बँकेलाही तो असतो. पण पतसंस्थेला तो विमा लागूच नाही, तिथे बुडालं की बुडालं, मग मोर्चे काढा नाहीतर कोर्टात जा. चेअरमन माणूस चांगला असेल हो, तो चांगला नाही असं मी म्हणतच नाही, पण त्याने कोणाला कर्ज दिलंय ते तुम्हाला माहितीये का? मुदत संपेल तशी एकेक पावती मोडून मोठ्या बँकेत आणि पोस्टाच्या सिनियर सिटिझन योजनेत टाकूया, त्यात एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, तुम्ही दोघं मिळून ६०.

दुसरं, टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा टॅक्स, कापू नये म्हणून बँकेत देता तो फॉर्म. दर एप्रिलला सगळ्या बँकांत तुम्ही सही करून येता कारण कोणीतरी सांगितलं की शेतकऱ्याला टॅक्स नसतो. शेतीच्या उत्पन्नाला नसतो, आपल्या जमिनीच्या मोबदल्यालाही लागला नाही, पण त्या मोबदल्याच्या एफडीवरचं व्याज हे शेतीचं उत्पन्न नाही. त्या फॉर्मवर "माझा एकूण टॅक्स शून्य आहे" असं तुम्ही लिहून देताय, आणि तो शून्य नाहीये. आता ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाखापर्यंत व्याज असेल तर टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे तुम्हाला वाटतं सगळं माफ, तसं नसतं, रिटर्न भरायचंच असतं. ते मी सीएकडून करून घेते, पासबुकं आणि पावत्या तेवढ्या एका पिशवीत काढून ठेवा.

एवढं सोपं होतं. आता जे अवघड ते.

आत्या. आजोबांच्या मागे त्या जमिनीत तिचाही हिस्सा होता, मेहेरबानी म्हणून नाही, कायद्याने होता. तिने रजिस्ट्रार ऑफिसात येऊन हक्कसोडीवर अंगठा दिला तेव्हा जमिनीला एकरी काय भाव होता आणि पाच वर्षांत तो कुठे गेला ते सगळ्यांना माहिती आहे. तिला साडीचोळी केली, गाडीने घरी सोडलं, आणि ती रडत होती ती माहेर सुटू नये म्हणून अंगठा दिलाय हे आईला कळत होतं, आई तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. कागद पक्का आहे, कोर्टात गेली तरी तिला काही मिळणार नाही बहुतेक, आणि ती जाणारही नाही. म्हणूनच म्हणते. ज्याला मागता येत नाही त्याचं देणं जास्त असतं अण्णा. तिचं घर अजून पत्र्याचं आहे.

आणि माझा हिस्सा मला नको असं मी म्हणणार नाहीये. असं म्हटलं की सगळे मला गुणाची पोरगी म्हणतील आणि विषय तिथेच मिटेल, मग पुढच्या पिढीत माझ्या भाचीलाही साडीचोळीच. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा असतो. दादाशी मी बोललेय, तो गप्प बसला, पण नाही म्हणाला नाही. त्याने फॉर्च्युनर घेतली त्याचं मला वाईट नाही वाटलं, लोकांनी उगाच नावं ठेवली, आयुष्यभर ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला एक गाडी घ्यावीशी वाटली तर वाटली. पण त्याला प्लॉटिंगच्या धंद्यात ओढणारे जे दोन मित्र आहेत त्यांना तुम्ही दोघांनी मिळून एकदा स्पष्ट नाही म्हणायला पाहिजे, तो एकटा म्हणू शकत नाही, त्याला तुमचं नाव पुढे करायला मिळू दे.

मी इथे हडपसरला राहते ना, रोज मगरपट्ट्यावरून ऑफिसला जाते. तिथे शेतकऱ्यांनी जमीन एकेकट्याने विकलीच नाही, सतीश मगर आणि १२० च्या आसपास कुटुंबांनी मिळून ४०० एकर एकत्र केली, तिथे वसाहत उभारायला कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचं असं काही करता आलं नसतं हे मला कळतं, रस्ता सरकारचा. तरी बघून वाटतं की आपल्या गावातही पैसा घराघरात वेगवेगळा आला म्हणून जो तो आपापल्या कपाटाशी एकटा पडला.

शेवटचे तात्या, आपले सालगडी. तुमच्यासोबत कितीतरी पाडवे त्यांनी सालाचा करार धरला, विहिरीवर, कांद्याच्या चाळीवर, आजोबांच्या आजारपणात दवाखान्यातसुद्धा तेच होते. जमीन गेली तर मालकाला मोबदला मिळाला, त्यांना काय मिळालं? उरलेल्या दीड एकराला सालगडी लागत नाही म्हणून ते आता मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रीच्या वॉचमनला जातात, या वयात. २०१३ चा भूसंपादन कायदा आहे त्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त सातबाऱ्यावरचं नाव नाही, तीन वर्षं त्या रानावर मजुरी करणारा, वाट्याने करणारा, ज्याचं पोट त्यावर होतं तोही धरलाय. आपल्याकडे थेट खरेदी झाली, जमीन ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यात पैसे पडले, तात्यांचं नाव कुठेच आलं नाही. सरकारने नाही बघितलं म्हणून आपणही बघू नये असं थोडीच आहे. तुम्ही दिवाळीला त्यांना कपडे आणि पाच हजार देता ते चांगलंच आहे, पण ती बक्षिसी झाली, मी हिशोबाबद्दल बोलतेय. त्या दोघा नवरा-बायकोच्या नावाने पोस्टात एक रक्कम ठेवूया, महिन्याला व्याज येईल एवढी, आणि ती लिहून ठेवूया म्हणजे उद्या आम्ही भाऊ-बहीण बदललो तरी ती बदलणार नाही.

मृत्युपत्राचा शब्द काढला की आई देवाला दिवा लावायला उठते. अगं, त्याने कोणी मरत नाही. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं अण्णांना वाटतं, पण नॉमिनी हा फक्त पैसे बँकेतून घेणारा असतो, मालक वारसच. मृत्युपत्राला स्टँप ड्युटी लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. वडिलोपार्जित पैसा त्यात किती लिहिता येतो ते वकिलाला विचारावं लागेल, सिन्नरचे नकोत, गावभर होईल, नाशिकचे बघते.

मी पुढच्या महिन्यात तिसऱ्या शनिवारी येते, सोमवारची सुट्टी टाकलीये. दादाला आणि वहिनीला दोघांनाही घरी थांबायला सांगा, वहिनीला फक्त चहा करायला नको, बसायला बोलवा. आत्याला मी स्वतः घेऊन येईन, तिला आधी काही सांगू नका, उगाच घाबरून जाईल. आणि अण्णा, तात्यांचं पॅन कार्ड आहे का तेवढं विचारून ठेवा, नसेल तर मी आल्यावर काढून देते.

तुमची,
माई