धंतोलीच्या ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुमच्याकडे रोज ढीगभर पेशंट येतात, पण पायाची करंगळी काळी पडलेले खर्रेवाले काका आठवत असतील. मी त्यांची मुलगी.

आधी जिथं दाखवत होतो तिथं ड्रेसिंग व्हायचं, अँटिबायोटिक बदलायचं, जखम मात्र जशीच्या तशी. शेवटी बोट काढा म्हणाले. बाबांचं एकच, "मले तं काई दुखत नाई, काहून कापता?" शुगरनं नसा बधिर झाल्या की रक्त कमी पडलं तरी पाय तक्रार करत नाही, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

तो मे महिना होता, नळालाही गरम पाणी. पट्टी सोडायच्या आधी तुम्ही हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली फिरवत आणली आणि पावलाशी थांबलात. एवढ्या उन्हाळ्यात पाय गार! पावलाच्या पाठीवर, मग घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी शोधलीत. सापडेना. जेली लावून रक्ताचा आवाज ऐकवणारा डॉपलर टेकवला, तर उजव्या पायात धपधप आणि डाव्यात नुसती खरखर.

घोट्याच्या आणि दंडाच्या प्रेशरचं गुणोत्तर आलं १.५. ते ०.९ च्या खाली गेलं की रक्तपुरवठा कमी, म्हणजे हा आकडा कुणालाही उत्तमच वाटेल. तुम्ही म्हणालात, "१.४ च्या वर गेलं की मी विश्वास ठेवत नाही. शुगरवाल्यांच्या धमन्यांत कॅल्शियम बसतं, पट्टा कितीही फुगवा, त्या दबत नाहीत." आणि स्वतः डॉक्टरांकडे जाऊन पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला लावलंत. ते ३० च्याही खाली निघालं, म्हणजे रक्त फारच कमी पोचत होतं.

पुढं अँजिओग्राफी झाली, गुडघ्याखालच्या धमनीत ती मोकळी करायला बलून घातला. करंगळीचं टोक गेलं, बाकी पाऊल शाबूत आहे. रक्तच पोचत नसताना बोट कापलं असतं, तर ती जागा तरी कशी भरली असती?

आणि हो, बाबांच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी तुम्ही सगळ्यांसमोर काढून घेतलीत. "तंबाखूनं धमन्या आवळतात, काका. बलून एकदा घालतील, रोज कोण घालणार?" आम्ही वर्षानुवर्षं डोकं फोडलं, पण ऐकलं ते तुमचं. अजून कुरकुर करतात, पण पानठेल्यावर जात नाहीत.

दिवाळीनंतर आलो तेव्हा तुमची ड्यूटी बदललेली होती. आता सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झालाय, आईला तुमच्यासाठी सांबारवडी करायची आहे. दुपारी कधी असता तेवढं कळवा, ती गरमच खायला हवी.

तुमच्या काकांची मुलगी